मुलींना यंत्रशाळेची वाट

कल्याणहून पुण्याकडे जाताना थोड्याच वेळात अंबरनाथ हे स्थानक लागते. वालधुनी नदीच्या काठी शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली, शिलाहारांच्या अमदानीत उभारलेले पाषाणाचे शिवालय ही या गावाची जुनी ओळख होय. नवी ओळख कारखान्यांची आहे. विम्कोचा काडेपेट्यांचा प्रसिद्ध कारखाना याच गावात चालत असे. सैन्याला लागणारा माल तयार करणारी आयुधनिर्माणी येथे आहे, आणि औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व यंत्रसामग्रीचे लहानमोठे कारखाने आहेत. नौदलाला लागणाऱ्या निरनिराळ्या द्रव्यांचे संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळाही येथेच आहे. पाणबुडीला पाण्याखाली अधिक काळ राहता यावे म्हणून जो इंधनघट लागतो, तो सिद्ध करण्याचे काम याच प्रयोगशाळेने केले.

बुवापाडा ही याच अंबरनाथातील एक वस्ती. येथे वाढणाऱ्या मुलीला कारखाना म्हणजे काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. पाळीवर जाणारी माणसे ती रोज पाहते. परंतु कारखाना शेजारी असणे निराळे, आणि त्याचे दार आपल्याकरिताही उघडे आहे असे मनात येणे निराळे. या दोहोंमधील अंतर कशाने पडते व ते कमी करण्यासाठी वस्तीवस्तीत जाऊन काय करता येण्यासारखे आहे, हा प्रश्न एकट्या बुवापाड्याचा नाही. ज्या शहरांत यंत्रे आहेत आणि मुलीही आहेत, त्या सर्व शहरांचा तो आहे.

प्रथम तंत्रविद्या या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. अलीकडे हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केवळ संगणक उभा राहतो. वास्तविक या विद्येचे क्षेत्र फार विस्तीर्ण आहे. विजेची जोडणी करणे, धातूला आकार देणे, यंत्राचा आराखडा काढणे, रसायनाची शुद्धता तपासणे, आगगाडी चालविणे आणि संगणकासाठी आज्ञावली लिहिणे ही सर्व तंत्रविद्येचीच अंगे होत. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीपुढे या विद्येकडे नेणाऱ्या तीन वाटा असतात. पहिली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या आयटीआयची. अशी संस्था अंबरनाथमध्येच आहे. तेथे वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, संगणक चालविण्याचा ‘कोपा’ हा अभ्यासक्रमही एक वर्षाचा, आणि फिटर किंवा इलेक्ट्रिशियन यांचा दोन वर्षांचा असतो. दुसरी वाट पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांच्या पदविकेची. तिसरी वाट बारावीपर्यंत शास्त्रशाखा घेऊन, प्रवेशपरीक्षा देऊन, चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीची.

या तीन वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या विद्यार्थिनीला, ठरलेल्या अटी पाळून, पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविका मिळविलेल्या मुलीला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकत असताना विद्यावेतनही मिळते. म्हणजे आज वेल्डिंगचा चिमटा हाती घेणारी मुलगी उद्या अभियंता होणारच नाही, असे कोणी समजू नये. ज्या घराला चार-सहा वर्षे वाट पाहण्याची ऐपत नाही, त्या घरच्या मुलीलाही टप्प्याटप्प्याने पुढे जाता येईल, अशी ही योजना आहे.

मग मुली या वाटेने कमी का जातात? बुद्धी कमी पडते म्हणून, असे म्हणण्यास जागा नाही. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण पाहिले, तर वर्षानुवर्षे मुलीच मुलांच्या पुढे असतात. असे असूनही साऱ्या देशात अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या दर दहा विद्यार्थ्यांत मुली अवघ्या तीनच्या आसपास आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर अशा हातकसबाच्या वर्गांत तर त्या फारच विरळ आढळतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात मुलींसाठी शेकडा तीस जागा राखून ठेवल्या जातात, म्हणजे दार बंद आहे असेही नाही. शाळेत भरून वाहणारा हा प्रवाह शाळेच्या आणि यंत्रशाळेच्या मध्येच कोठे तरी आटतो. तो आटतो घरात, आणि तेही वर्षातील अगदी थोड्या दिवसांत.

दहावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशअर्जाची मुदत संपेपर्यंतचे ते काही आठवडे डोळ्यांपुढे आणावेत. निर्णय एकट्या मुलीचा नसतो. वडील, आई, आजी, काका आणि शेजारची चार माणसे या सर्वांचे मत त्यात मिसळते. यांपैकी कोणी दुष्टपणाने मुलीची वाट अडवीत नाही. ज्या वाटेने आपल्या ओळखीचे कोणी गेलेले नाही, त्या वाटेने पोटच्या मुलीला पाठविण्यास त्यांचे मन धजत नाही, इतकेच. मुलाच्या बाबतीत एखादा चुलता किंवा मित्र म्हणतो, ‘मी त्याच कामात आहे, त्याला माझ्याकडे पाठवा.’ मुलीच्या बाबतीत असे म्हणणारे कोणी नसते. न समजणाऱ्या गोष्टीला ‘नको’ म्हणणे सोपे, म्हणून घर ‘नको’ म्हणते.

या विद्येत ज्या भारतीय स्त्रियांनी पहिली पावले टाकली, त्यांची चरित्रे याच दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. ए. ललिता या १९४३ साली मद्रासजवळील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत् शाखेची पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि देशातील पहिल्या स्त्री-अभियंत्यांत गणल्या गेल्या. पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि अठराव्या वर्षी, चार महिन्यांची मुलगी मांडीवर असताना, त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा तरुणीचे उरलेले आयुष्य कोणत्या कोपऱ्यात जात असे, हे सांगावयास नको. परंतु त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याशी बोलणे केले, चाको यांनी अनुकूलता दाखविली, आणि आजवर केवळ मुलांसाठी असलेले दार उघडले. ते उघडताच पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. ललिताबाईंनी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकून घेतले. पुढे त्यांनी कलकत्त्याच्या एका मोठ्या विद्युत् कंपनीत नोकरी केली आणि भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत्-योजनेच्या कामातही भाग घेतला. १९६४ साली न्यूयॉर्क येथे स्त्री-अभियंत्यांची व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या तेथे उपस्थित होत्या.

महाराष्ट्रातील उदाहरण कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉक्टर कमला सोहोनी, यांचे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई तेथे जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाई केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांचे वडील आणि चुलते हे दोघेही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. तेथे काय शिकवितात, आत शिरण्यासाठी काय करावे लागते, आणि नकार मिळाला तरी तो अखेरचा समजावयाचा नसतो, हे त्या घरात माहीत होते.

दोन्ही चरित्रांतील समान धागा हाच. बुद्धी आणि जिद्द त्या मुलींची स्वतःची होती, परंतु घरात एक जाणते माणूस होते. ज्या घरात असे माणूस असते, त्या घरच्या मुलीला वाट सापडते. ज्या घरात ते नसते, तेथे तेवढीच बुद्धी आणि तेवढीच जिद्द वाया जाण्याचा संभव राहतो. वस्तीत जाऊन मुलींना तंत्रविद्येकडे वळविणे, या कार्याचे मर्म यातच आहे. ज्या घराला असे माणूस लाभलेले नाही, त्या घराला ते उसने मिळवून देणे, हीच या कार्याची सोपी व्याख्या होय. मुलीला उत्साहाचे चार शब्द सांगून येणे हा त्याचा सर्वांत लहान भाग आहे.

असे कार्य महाराष्ट्राला नवीन नाही. रुग्णशुश्रूषेचा धंदा आज प्रतिष्ठित समजला जातो आणि मुलगी परिचारिका झाली तर घराला अभिमान वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच गोष्ट घरंदाज कुटुंबांत बोलण्याचीही सोय नव्हती. परपुरुषांची सेवा, रात्रीची कामे, जातीपातीचा विटाळ अशा शंकांनी तिला घेरले होते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने मुलींना व विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्यास आरंभ केला. त्यांची राहण्याची सोय संस्थेने पाहिली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूसही संस्थेनेच पुरविले. रमाबाईंचे नाव आणि वजन पाठीशी असल्यामुळे घरांचा धीर वाढला. स्त्रीने करण्याजोगे काम कोणते, याची समजूत अशी एका पिढीत बदलू शकते. ती व्याख्यानांनी जितकी बदलते, त्याहून अधिक राहण्याची व्यवस्था, विश्वासाचे माणूस आणि डोळ्यांना दिसणारे उदाहरण यांनी बदलते.

डोळ्यांना दिसणाऱ्या उदाहरणासाठी अंबरनाथकरांना दूर जावयास नको. सुरेखा यादव या सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कन्या. कराडच्या शासकीय पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीची पदविका मिळविली. घरात रेल्वेचे कोणी नव्हते. भरतीच्या परीक्षेला गेल्यावर साऱ्या उमेदवारांत आपण एकट्याच स्त्री आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले. अंबरनाथपासून जवळच असलेल्या कल्याणच्या प्रशिक्षण-शाळेत त्या शिकल्या आणि १९८९ साली सहायक चालक झाल्या. २००० साली महिलांसाठी निघालेली विशेष लोकल त्यांनी चालविली. ८ मार्च २०११ रोजी ‘डेक्कन क्वीन’ पुण्याहून मुंबईस नेणाऱ्या चालक त्याच होत्या. ती गाडी त्या दिवशी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही स्थानके ओलांडूनच पुढे गेली. २०२३ साली त्यांनी सोलापूरहून ‘वंदे भारत’ गाडी मुंबईस आणली, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या सेवानिवृत्त झाल्या. आशियातील पहिली स्त्री रेल्वेचालक म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु वस्तीतील आईला गौरवापेक्षा दुसरीच माहिती हवी असते. पाळीच्या नोकरीत त्यांनी संसार कसा केला, मुलांचे कोणी पाहिले, ऐन रात्री घाटात गाडी थांबली तर काय केले, हे तिला ऐकावयाचे असते. म्हणून वस्तीत बोलावयास नामांकित पाहुण्यांपेक्षा जवळच्या कारखान्यात पाच-दहा वर्षे काम केलेली एखादी इलेक्ट्रिशियन किंवा प्रयोगशाळेतील सहायिका अधिक उपयोगी पडते. तिला विचारलेल्या प्रश्नांना भीड नसते आणि तिच्या उत्तरांवर विश्वास बसतो.

उदाहरणानंतर दुसरी गरज हाताला काम देण्याची. यंत्राची भीती ऐकून जात नाही, ते हाताळूनच जाते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील मानाची जागा सोडून ते या खेड्यात राहावयास गेले. आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम तयार केला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत हातांनी काम करावयाचे, अशी त्याची आखणी आहे. यातील महत्त्वाची गोष्ट ही की, मुलांनी लोखंड जोडावे आणि मुलींनी स्वयंपाक करावा, अशी वाटणी त्यात नाही. चारही विभाग दोघांनाही करावे लागतात. ज्या मुलीने तेराव्या वर्षी स्वतः वायर जोडून दिवा लावला, तिला सोळाव्या वर्षी ‘हे काम मुलींचे नव्हे’ असे सांगितले, तर ते तिला सहजासहजी पटणार नाही. तिच्या आईनेही तो दिवा पेटताना पाहिला असेल, तर आईलाही पटणार नाही.

तिसरी गरज, विद्येचा संबंध घरच्या अडचणीशी जोडण्याची. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन या चित्रपटकाराने २०१४ च्या सुमारास वस्तीतील मुलींना एकत्र करून, मोबाइलवर चालणाऱ्या लहान आज्ञावली तयार करण्यास शिकविले. त्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने सर्वांना मोकळे ठेवलेले एक साधन त्यांनी वापरले. त्यात चित्रांचे ठोकळे जोडावेत तशा सूचना एकापुढे एक जोडता येतात. मुलींनी काय तयार करावयाचे, हे त्यांच्या जीवनावरूनच ठरले. सार्वजनिक नळावर पाण्यासाठी तासन्‌तास उभे राहावे लागे, म्हणून एका आज्ञावलीत रांगेतील पाळी कळण्याची योजना त्यांनी केली. रस्त्यात छेडछाड होई, म्हणून दुसरीत संकटसमयी घरच्यांना संदेश पाठविण्याची सोय केली. तंत्रविद्या म्हणजे कोठल्या तरी उंच इमारतीतील गूढ व्यवहार नसून, रोजची अडचण नीट पाहून तिच्यावर शोधलेला उपाय होय, हे या मुलींना पुस्तकाविना समजले. पाण्याच्या रांगेत उभ्या असणाऱ्या बायकांनाही ते समजले, ही त्याहून मोठी गोष्ट.

शिक्षण घराजवळ आणि घरच्या भाषेत मिळाले, तर स्त्रिया किती उत्सुकतेने पुढे येतात, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याने ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गल्लोगल्लीच्या केंद्रांतून, मराठीतही, शिकविण्यास आरंभ केला. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो पुरा केला आहे. केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर, वेळ सोयीची आणि शिकविणारे ओळखीचे, असा योग आला की पुष्कळ गृहिणीही तेथे बसू लागल्या. या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र संगणक वापरता येणे ही साक्षरता झाली, तो धंदा नव्हे. बाराखडी आली म्हणून कोणी ग्रंथकार होत नाही. पुढच्या पायरीची वाट दाखविणारे कोणी नसले, तर प्रमाणपत्र कपाटात राहते आणि मुलगी घरात राहते.

आता घराच्या शंकांकडे वळले पाहिजे. त्यांना अडाणीपणा म्हणून हसण्यात शहाणपण नाही. पहिली शंका पैशाची. मुलाच्या शिक्षणावर खर्च केला तर तो घरात परत येतो, मुलीचा परक्या घरी जातो, असा हिशेब अद्यापि पुष्कळ ठिकाणी चालतो. या बाबतीत सांगण्यासारखी ठोस गोष्ट अशी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ केले आहे. परंतु सवलत जाहीर होणे आणि ती घरापर्यंत पोहोचणे यांत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि संगणकावर भरावयाचा अर्ज अशा चार पायऱ्या आहेत. त्यांपैकी एकीवर पाय घसरला तरी वर्ष जाते, आणि मुलीचे गेलेले वर्ष पुष्कळदा परत मिळत नाही. मध्यंतरी तिचे लग्न ठरते.

दुसरी शंका सुरक्षिततेची आणि वेळेची. तिला इतिहासाचा आधार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई केली होती, आणि चालू यंत्राचे काही भाग साफ करणे किंवा त्यांना तेल घालणे ही कामेही त्यांना वर्ज्य केली होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु तीन पाळ्यांनी चालणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने एक पाळी न करू शकणारा कामगार अडचणीचा ठरे, आणि त्यामुळे संरक्षणाचीच भिंत झाली. पुढे हे निर्बंध सैल होत गेले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर रात्रीचे काम मान्य करण्यात आले. कायदा बदलला तरी रस्त्यावरचा दिवा, कारखान्यातील स्वच्छतागृह आणि परतीचे वाहन ही आपोआप येत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत ‘काही भीती नाही’ असे मोघम आश्वासन देऊ नये. कोणत्या कारखान्यात काय सोय आहे, हे आधी स्वतः पाहून यावे आणि मग जे पाहिले तेच सांगावे. खोट्या आश्वासनावर पाठविलेली एक मुलगी दुखावून परत आली, तर तिच्यामागून येणाऱ्या दहा जणींची वाट बंद होते.

तिसरी शंका कोणी मोठ्याने बोलत नाही: मुलगी फार शिकली, लोखंडाचे काम करू लागली, तर स्थळ मिळेल काय? या शंकेला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ललिताबाईंनी नोकरी करताना भावाच्या कुटुंबात राहून मुलीला वाढविले. विद्या आणि संसार यांची सांगड घालण्यासाठी एकट्या स्त्रीची जिद्द पुरत नाही, घराचाही हात लागतो, हाच त्यातील बोध. म्हणून वस्तीतील बैठकीला केवळ मुलींना बोलावून भागत नाही. आईला हळदीकुंकवाच्या किंवा बचतगटाच्या निमित्ताने गाठावे, वडिलांना सुटीच्या दिवशी, आणि भावालाही सोबत बसवावे. ज्याच्या ‘हो’वर मुलीचे जाणे अवलंबून आहे, तो माणूस बैठकीबाहेर राहिला, तर बैठक कितीही रंगली तरी ती निष्फळच ठरते.

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे छापलेले होते. ते वाचून बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या तरुणीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती यांनी, जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीस बोलावणे आले आणि त्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाल्या. छापील मनाई अशी एका पोस्टकार्डाने हटविता येते, कारण ती कोणी केली हे ठाऊक असते. आज तसे कोठे छापीत नाहीत. आजची मनाई अलिखित आहे. ती घराघरांत, शेजाऱ्यांच्या कुजबुजीत आणि मुलीच्या स्वतःच्या मनात असते. तिला पोस्टकार्ड पाठविता येत नाही. तिच्या दारी जावे लागते, आणि पुनःपुन्हा जावे लागते.

पुनःपुन्हा या शब्दावर येथे भर आहे. फलक लावावयाचा, पाहुणे आणावयाचे, बक्षिसे वाटावयाची, छायाचित्र काढावयाचे आणि पुढच्या वर्षापर्यंत वस्तीला विसरून जावयाचे, अशा समारंभांनी मुलींच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. कामाची रीत साधी आहे. दहावीच्या वर्षाच्या आरंभीच मुलीचे दाखले तयार आहेत की नाहीत, ते पाहावे. परीक्षा आटोपल्यावर मुलीला आणि तिच्या आईला मिळून आयटीआयची कार्यशाळा दाखवून आणावी. निकालानंतर अर्ज भरताना शेजारी बसावे. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीनदा चौकशी करावी, कारण वर्गात एकटी पडलेली मुलगी याच काळात शिक्षण सोडण्याचा संभव असतो. शक्य तर एका वस्तीतील दोघी-तिघींना एकाच संस्थेत घालावे, म्हणजे जाण्यायेण्याची सोबत होते आणि घराची अर्धी काळजी मिटते. या कशालाच फार पैसा लागत नाही. लागते ते एका माणसाचे, वर्षभर टिकणारे लक्ष.

असे माणूस कोठे मिळावयाचे? सुशिक्षित शहरी कुटुंबांचा संबंध येथे येतो. या कुटुंबांत कोणी अभियंता असतो, कोणी प्राध्यापक, कोणी कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि कोणी पदवी घेऊन पुढे घरीच राहिलेली गृहिणी असते. आपल्या मुलीच्या वेळी ही कुटुंबे दहा ठिकाणी चौकशी करतात, ओळखी काढतात आणि अर्जातील प्रत्येक रकाना दोनदा वाचतात. हीच तजवीज दुसऱ्याच्या एका मुलीसाठी करण्यास वर्षातून फार तर पंधरा दिवस लागतील. घरी कामास येणाऱ्या बाईंची मुलगी, इमारतीच्या रखवालदाराची मुलगी किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची मुलगी औंदा दहावीत आहे काय, एवढे विचारले तरी आरंभ होतो. तिच्या घरी चहाला जाऊन बसावे, उपदेश कमी करावा आणि शंका ऐकून घ्याव्यात. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, ते शोधून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

बुवापाड्यातील मुलीला यंत्र नवीन नाही. यंत्राच्या गावातच ती लहानाची मोठी होते. तिला हवे आहे ते, दाखल्यांच्या रांगेत तिच्या आईबरोबर उभे राहणारे आणि आयटीआयच्या फाटकापर्यंत पहिल्या दिवशी सोबत जाणारे एक जाणते माणूस. ते माणूस ज्या घरात आहे, त्या घराने यंदाचा निकाल लागण्यापूर्वी दार उघडून बाहेर पडावे.